सात नंबरचे हात

अतिदक्षता विभागात शिरताना मेकॅनिकने बूट बाहेर काढले. दारातल्या बाटलीचं औषध घेऊन दोन्ही हातांना चोळलं, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा, जंतूबाईने शिकवलं होतं तसं. मग काखेतल्या पिशवीतून चाकं खोलायचा लांब दांड्याचा पाना काढला आणि विचारलं, “सात नंबर कोण?”

दुपारचे चार वाजले होते, म्हणजे नातेवाइकांना भेटायची वेळ, आणि हा तर सतरा दिवस रोज येणारा माणूस. त्याला हटकायचं कोणाच्या मनातही आलं नाही. टेबलापाशी इंजेक्शनं भरत बसलेल्या सिस्टरने मान वर केली. तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर सातचा आकडा होता.

“मी,” ती म्हणाली. “काय झालं, दादा?”

पहिला फटका तिने हातावर झेलला. डोकं वाचवायला उजवा हात वर गेला आणि मनगटाच्या वर काडकन आवाज झाला. ती टेबलावर कोलमडली, तसा त्याने तोच हात टेबलावर दाबून धरला आणि पंज्यावर पाना घातला. एकदा, दोनदा, तीनदा. गंजलेला नट सोडवताना माणूस जेवढा शांत असतो तेवढाच तो शांत होता. ओरडत नव्हता, शिव्या देत नव्हता. प्रत्येक फटक्यामागे “हाच हात” एवढंच म्हणत होता. टेबलावरच्या कुप्या फुटल्या, बाटल्या गडगडल्या, काचा उडाल्या. नळ्या लावून पडलेल्या माणसांना उठताही येत नव्हतं. ती नुसती डोळे विस्फारून बघत होती आणि त्यांच्या उशाची यंत्रं कोकलत होती.

भिंतीवरच्या फळ्यापाशी हातात पेन धरून जंतूबाई उभी होती. जेमतेम दहा पावलांवर. तिचे पाय जागचे हलेनात. मार खाणारी सिस्टर तिची सख्खी नणंद होती, आणि सात नंबर या माणसाला कुठून कळला, हे त्या खोलीत फक्त जंतूबाईलाच ठाऊक होतं.

जंतूबाई हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. माणूस रुग्णालयात येतो एका दुखण्यासाठी आणि आत आल्यावर त्याला जंतू लागतात ते रुग्णालयाचेच. असं कोणाला, कधी, कशातून झालं, यावर पाळत ठेवायची हे तिचं काम. कोणाच्या मानेत नळी किती दिवस आहे, कोणाला ताप कधी चढला, कोणाच्या रक्ताच्या तपासणीत काय उगवलं, सगळं तिच्या तक्त्यात. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे हात. कोपऱ्यात उभी राहून कोण हात धुतं, कोण धुतल्यासारखं करतं आणि कोण अंगठा विसरतं, हे ती डोळ्यात तेल घालून टिपायची. मोठ्या डॉक्टरांनासुद्धा ती भर फेरीतून परत बेसिनकडे पाठवायची आणि तेही निमूट जायचे. ही बाई हात धुऊन हातांच्या मागे लागली आहे, असं लोक पाठीमागे म्हणत. तिच्या कानावर ते गेलं होतं. खरं म्हणजे तिला ते आवडलंही होतं.

तिच्या फळ्यावर दोन रकाने होते. एकात शेवटच्या संसर्गाला किती दिवस झाले त्याचा आकडा, दुसऱ्यात महिन्यातले सगळ्यात स्वच्छ हात. गेले पाच महिने दुसऱ्या रकान्यात एकच नंबर येत होता, सात. धाकटी. जंतूबाई लग्न होऊन घरात आली तेव्हा ही नणंद शाळेत होती. वहिनीचा पांढरा पोशाख, वहिनीची ताठ मान बघून ती सिस्टर झाली, आणि वहिनी म्हणेल ती पूर्व दिशा असं तिचं चाले. हात धुवायला सांगितले की ती धुवायची, कोणी बघत असो वा नसो. दिवसातून साठ-सत्तर वेळा धुवून तिच्या हातांना टाचांसारख्या भेगा पडल्या. मग जंतूबाईने भांडारवाल्याशी तोंड वाजवून लोशनचा मोठा कॅन मागवला आणि सिस्टरांच्या टेबलावर दाबायच्या तोंडाची एक बाटली ठेवली. बाटली अर्धी झाली की ती स्वतः कॅनमधून वरून भरायची. हे काम तिने कोणावर सोपवलं नव्हतं. दिवसभर लोकांच्या चुकांवर बोट ठेवणाऱ्या बाईकडे लाडाचं असं हे एकच काम होतं.

आणि मग पाच आठवड्यांत चार जणांच्या रक्तात एकच जंतू उगवला. चौघांच्याही मानेत नळी, चौघांनाही थंडी वाजून ताप. तिघं गेले. त्यातली शेवटची मेकॅनिकची आई.

जंतूबाईने विभाग पिंजून काढला. बेसिनं, नळ, ट्रॉल्यांचे दांडे, यंत्रांची बटणं, पडद्यांच्या कडा. तिच्या यादीत तपासायच्या त्रेचाळीस जागा होत्या आणि त्रेचाळीसच्या त्रेचाळीस जागांवर तिने कापसाचा बोळा फिरवून नमुने घेतले. सगळ्यांच्या हातांचेही घेतले, एकेकाला बेसिनपाशी उभं करून, हात धुतल्या धुतल्या. सगळं स्वच्छ आलं. लोशनची बाटली त्या यादीत नव्हती. ती उपकरणात मोडत नव्हती, औषधात मोडत नव्हती, आणि आपण मायेने ठेवलेल्या वस्तूवर कोणी पाळत ठेवत नाही.

उरला कामाच्या पाळ्यांचा तक्ता. ताप येण्याआधीच्या दोन दिवसांत चौघांच्या नळीला सगळ्यात जास्त कोणी हात लावला, हे तिने शोधून काढलं. चार ओळी, आणि चारही ओळींच्या शेवटी सात.

सगळ्यात स्वच्छ हात सात नंबरचे आणि माणसंही सात नंबरच्या हातून गेलेली. एखादी थंड डोक्याची बाई इथे थांबली असती आणि म्हणाली असती, यात कुठेतरी गोम आहे. जंतूबाईच्या डोक्यात राख गेली. आपण फळ्यावर पाच महिने मिरवलेले हात खोटे निघाले, एवढंच तिला दिसलं. मारहाणीच्याच दिवशी सकाळी तिने धाकटीला सामानाच्या खोलीत गाठलं आणि मी बघते तेवढ्यापुरते धुतेस का, असं तोंडावर विचारलं. धाकटीने गळ्याला चिमटा धरून शपथ घेतली.

“मग तीन माणसं काय हवेने मेली?” जंतूबाई म्हणाली आणि दार आपटून निघून गेली.

दुपारी मेकॅनिक आईचे कागद न्यायला तिच्या खोलीत आला. भला माणूस. सतरा दिवस बाहेरच्या बाकावर बसून बसून कंटाळला, तेव्हा त्याने विभागातल्या चार ट्रॉल्यांची कुरकुरणारी चाकं स्वतःहून दुरुस्त करून दिली होती. त्याने विचारलं, आईचं पोटाचं ऑपरेशन तर चांगलं झालं होतं, मग हे रक्तातलं कुठून आलं? जंतूबाईला खोटं बोलता येत नसे. हातांमधून जातं, ती म्हणाली. कोणाच्या, त्याने विचारलं. चौकशी चालू आहे, असं ती सांगत होती तेवढ्यात तिला बाहेरून बोलावणं आलं. ती दोन मिनिटांसाठी गेली. पाळ्यांच्या त्या चार ओळींचा कागद टेबलावर उघडाच राहिला.

परत आली तेव्हा तो गेला होता. खुर्ची नीट आत सरकवलेली होती. कागदावर आईच्या नावाच्या ओळीत, सातच्या आकड्याशेजारी, अंगठ्याचा ग्रीसचा काळा डाग होता. तो तिने पाहिला. मग मनाशी म्हणाली, नुसत्या आकड्यावरून त्याला काय कळणार? आणि फळ्यावरचा आकडा बदलायला निघून गेली.

चौथ्या फटक्याला जंतूबाईचे पाय सुटले. हाताला लागला तो सलाइनचा लोखंडी स्टँड तिने दोन्ही हातांनी उचलला आणि त्याचा चाकांचा जड पाय मेकॅनिकच्या तोंडावर घातला. त्याचा डावा डोळा फुटल्याचं तिला हातात कळलं. तो भेलकांडला, पाना सुटला, माणूस भिंतीला घासत खाली बसला. तोवर दोन वॉर्डबॉय आणि रखवालदार धावून आले होते. त्यांनी त्याला लाथांखाली घेतलं. रखवालदाराने काठी बरगड्यांत खुपसली. तो हात वरही करत नव्हता. तोंडातून रक्ताबरोबर “आई, आई” एवढंच येत होतं. खाली पडलेल्या माणसावर जंतूबाईने आणखी दोनदा स्टँड घातला. कोणी तिला अडवलं नाही. आणि खरं सांगायचं तर तिला बरं वाटलं, फार बरं वाटलं, पाच आठवड्यांत वाटलं नव्हतं इतकं.

मग ती धाकटीपाशी गुडघ्यांवर बसली. फरशीवर रक्त, औषधं, काचा, आणि या सगळ्यात मिसळलेलं पांढरं लोशन. ती मोठी बाटली टेबलावरून पडून फुटली होती. धाकटीला उचलताना जंतूबाईचे तळवे त्यात बरबटले. धाकटीला स्ट्रेचरवरून नेलं, मेकॅनिकला फरफटत नेलं, आणि ती तिथेच तळव्यांकडे बघत उभी राहिली. वास येत होता. लोशनच्या गुलाबाच्या वासाखाली दुसरा एक आंबूस, कुजका वास. फुटलेल्या बाटलीचा तळ तिने पायाने उलटा केला. तळाशी हिरवट थर होता.

खिशात नमुना घ्यायची काडी असायचीच. तिच्या हातांनी ती सवयीने काढली.

पुढचे तीन दिवस ती त्या रुग्णालयाची झाशीची वाघीण होती म्हणा ना. ज्याला बेसिनकडे हाकलायची तो प्रत्येक डॉक्टर थांबून तिची विचारपूस करत होता. नवरा म्हणाला, आणखी चार द्यायचे होतेस, मेला असता तर मी तुला सोडवलं असतं. धाकटीची दोन बोटं कापावी लागली, मनगटात सळई घातली. त्या हाताने पुन्हा सुई धरता येईल का, हे कोणी सांगेना. मेकॅनिक त्याच इमारतीत तळमजल्यावर पोलिसाच्या पहाऱ्यात पडला होता. त्याचा डावा डोळा गेला होता. मोठे डॉक्टर जंतूबाईला हळूच म्हणाले, चौकशीच्या समितीपुढे सात नंबरचं नाव द्यावंच लागेल, तक्ता स्पष्टच आहे. घरची म्हणून तुम्ही कचरणार नाही, हे मला माहीत आहे.

चौथ्या दिवशी सकाळी तपासणीच्या लॅबमधल्या काकांनी तिला बोलावून घेतलं. वीस वर्षं जंतू उगववत बसलेला माणूस, जास्त बोलायचा नाही. त्यांनी दार लावलं आणि काचेची बशी तिच्यापुढे ठेवली. बशीवर हिरवट ठिपक्यांची दाट साय आली होती.

“तोच आहे,” काका म्हणाले. “चौघांच्या रक्तातला. मी दोनदा तपासला.”

जंतूबाईने बशी जवळ ओढली. ती स्टुलावर बसली. आपण बाटली पाच महिने वरून भरत होतो. एकदाही रिकामी केली नाही, एकदाही धुतली नाही. नवं लोशन वर, जुनं तळाशी, आणि तळाशी हे. हात नेहमी स्वच्छच येणार होते, कारण नमुने धुतल्या धुतल्या घेतले होते, लोशन लावायच्या आधी. आणि लोशन सगळ्यात जास्त कोण लावणार? जी सगळ्यात जास्त धुते ती.

काकांनी चष्मा काढून पुसला. हा नमुना कोणी मागितलेला नाही, त्याची नोंद झालेली नाही, ते म्हणाले. बाटलीही फुटली. बशी आत्ता भट्टीत टाकली तर कोणाला कळायचं कारण नाही.

तिने तो विचार केला. नोकरी, नवऱ्याचा चेहरा, तीन घरं, त्या माणसाचा डोळा. धाकटीवर आळ तर आलेलाच आहे, तो तसाच राहील एवढंच. लाज वाटावी असा विचार होता आणि तिने तो शेवटपर्यंत केला. मग काकांना म्हणाली, दुपारपर्यंत थांबा, आणि जिना चढून धाकटीच्या खोलीत गेली.

धाकटी उशीला टेकून बसली होती. उजवा हात कोपरापर्यंत बांधून वर टांगलेला, डाव्या हाताला सलाइनची सुई. चेहरा चार दिवसांत आटला होता. जंतूबाई बसते न बसते तोच ती बोलायला लागली. तिने सगळं आठवून पाहिलं होतं, म्हणाली. त्या शेवटच्या आजींना ताप आला त्याच्या आदल्या दिवशी ती घाईत होती. कदाचित तेव्हा धुतले नसतील. तिला आठवत नव्हतं, पण नसतीलच धुतले, नाहीतर असं कसं होईल? समितीपुढे मी कबूल करते, ती म्हणाली, म्हणजे तुला माझं नाव घ्यावं लागणार नाही.

न केलेलं पाप ती चार दिवस घोटून घोटून पाठ करत होती.

“वहिनी, पर्समधली छोटी बाटली काढ ना,” धाकटीने डावा हात पुढे केला. “हा हात फार सुकलाय. तुझंच लोशन आहे. टेबलावरच्या बाटलीतून भरून घेतलं होतं मी घरी न्यायला.”

जंतूबाईने पर्समधून बाटली काढली. झाकण उघडायच्या आधीच वास आला. शेजारी टांगलेल्या पंज्यावर पट्टीखाली ओले टाके होते. तिने बाटली कचऱ्याच्या लाल डब्यात फेकली आणि दोन पावलं मागे सरली.

“यात आहे,” ती म्हणाली. “तो जंतू यात आहे. मी वरून भरत गेले, कधी धुतली नाही. तुझ्या हातांचं काही चुकलं नव्हतं गं. चुकलं ते माझं.”

धाकटीला समजायला वेळ लागला. तिच्या चेहऱ्यावर एकेक पायरी दिसत होती.

“म्हणजे मी जितक्या वेळा हात धुवायची…”

“तितक्या वेळा तू ते लावायचीस. हो.”

धाकटीने जवळ ये अशी खूण केली. जंतूबाई वाकली, आणि धाकटीने डाव्या हाताने तिच्या थोबाडीत मारली. चष्मा उडून भिंतीवर आपटला. दुसरी थप्पड पहिलीपेक्षा जोरात बसली. सलाइनची सुई उचकटली आणि रक्ताचे शिंतोडे चादरीवर उडाले. जन्मात तिने वहिनीपुढे आवाज चढवला नव्हता. तिसऱ्या वेळी हात उचलला गेला पण त्यात जोर उरला नव्हता. तो जंतूबाईच्या गालावर तसाच टेकून राहिला.

“मला विचारलं होतंस, तीन माणसं काय हवेने मेली,” धाकटी धापा टाकत म्हणाली. “आता जा आणि सांग. समितीला सांग. आणि त्यालाही सांग.”

“कोणाला?”

“ज्याने मला मारलं त्याला. त्याची आई गेलीय, वहिनी. त्याला खरं कोण सांगणार?”

जिन्यात उभी राहून जंतूबाईने लॅबमध्ये फोन लावला आणि काकांना नोंद करायला सांगितली. नमुना कोणी दिला त्या जागी माझं नाव लिहा, बाटली कोणाची त्या जागीही माझंच लिहा. मग ती तळमजल्यावर गेली. खोलीच्या दारात बेसिन होतं. सवयीने हात धुतले, अंगठ्यांसकट, आणि धुताना तिला स्वतःचीच किळस आली.

मेकॅनिक पाठीवर पडला होता. डाव्या डोळ्यावर जाड पट्टी, बरगड्यांना पट्टा, उजवा हात बेडीने पलंगाच्या दांड्याला अडकवलेला. तिला बघून पोलीस उठून उभा राहिला. मेकॅनिकने एका डोळ्याने तिला ओळखलं आणि मान फिरवली नाही. ती उभ्या उभ्याच बोलली. बाटली, कॅन, वरून भरणं, तळ, बशी, सगळं सांगितलं. मध्ये एकदाही थांबली नाही, रडली नाही. तुमच्या आईला मारणारी बाटली मी भरली, असंच म्हणाली.

“मग सात नंबर?” त्याने विचारलं.

“तिची काही चूक नव्हती. त्या विभागात सगळ्यात स्वच्छ हात तिचे होते.”

तो स्वतःच्या पंज्याकडे बघत राहिला. नखांत ग्रीस होतं, चार दिवस धुऊनही न गेलेलं. मग घशातून विचित्र आवाज निघाला, आणि त्याने मान उचलून डोकं पलंगाच्या उशाकडच्या लोखंडी दांड्यावर आपटलं. पट्टीतून रक्त झिरपलं. पोलीस खांदे धरायला धावला, तो त्याला आवरेना. दुसऱ्यांदा डोकं मागे गेलं तेव्हा जंतूबाईने आपला उजवा पंजा दांड्यावर ठेवला. डोकं त्यावर आदळलं. आतलं काहीतरी मोडल्याचं तिला कळलं, कळ खांद्यापर्यंत गेली.

“बाई, हात काढा,” पोलीस ओरडला.

तिसऱ्यांदा डोकं आलं तेव्हाही तिने हात काढला नाही.